जळक्या घराचा कोळसा कसा वाचायचा: चरापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. जुन्नरच्या जंगलातून आणलेल्या सागाचे मजले गेले. दगडी जोती, तटबंदी आणि दरवाजे उरले. ही तारीख, ते सात दिवस आणि सागाचं गाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कुणीतरी लिहून ठेवलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या वस्तीतलं घर जळालं असेल तर तिथे लिहिणारं कुणी नव्हतं. लाकूड कुठलं होतं, छप्पर कशाचं होतं, घर नवं होतं की जुनं, माणसं पळाली की सामान नेऊन निवांत गेली, हे सगळं कोळशालाच विचारावं लागतं.

हा लेख पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि उत्खननावर पहिल्यांदाच जाणारे यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. झाडाची जात प्रयोगशाळेत कधीही ओळखता येते, दहा वर्षांनीही. पण हातातला तुकडा तुळईचा, कुडाचा, कणगीचा की चुलीतल्या सरपणाचा, हे फक्त चरातच, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यातच कळतं, आणि तेही तो जागेवरून हलवेपर्यंतच.

जळूनही उरतं ते का

भरपूर हवा मिळाली तर लाकडाची राख होते. हवा कोंडली आणि साधारण ३०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली तर त्याचा कोळसा होतो. लोणारी भट्टी मातीने लिंपतात ती याच कारणासाठी. कोळशाला वाळवी लागत नाही, बुरशी आणि जिवाणूही तो खात नाहीत, म्हणून तो हजारो वर्षं टिकतो. लाकूड थोडं आकसतं, पण पेशींची रचना तशीच राहते, आणि म्हणून झाड ओळखता येतं.

आता एक उभा खांब डोळ्यांपुढे आणा. वरचा भाग हवेत जळून राख झाला. जमिनीत पुरलेला भाग जळलाच नाही, पुढे कुजून गेला. जमिनीलगतची दोन-चार बोटं तेवढी अर्धवट कोंडलेल्या हवेत कोळसा होऊन राहिली. म्हणून खांबाच्या खड्ड्याच्या तोंडाशी कोळशाचं कडं आणि आत भुसभुशीत काळपट माती दिसली, तर खांब तिथेच उभा असताना जळाला. उलट, खड्डाभर कोळशाचे कण सारखे विखुरलेले असतील तर खांब आधीच निघाला होता आणि नंतर कुणीतरी राख-कचरा आत लोटला. नवखा माणूस या दोन्ही खड्ड्यांना 'जळका खांब' म्हणून मोकळा होतो. नोंद करताना हा फरक शब्दांत लिहाच.

जाड तुळई एका दमात जळत नाही. कोळसा बाहेरून आत सरकतो तो मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, आणि तयार झालेला थरच आतल्या लाकडाचं रक्षण करतो. उत्खननात बाहेर कोळसा आणि आत पोकळी किंवा माती असलेली 'नळी' मिळते ती यामुळे. ती फोडून आत काय आहे ते बघायची घाई करू नका.

परवानगीची गोष्ट, थोडक्यात

भारतात पुरातत्त्वीय उत्खनन परवान्याशिवाय करता येत नाही. त्यासाठी १९५८ चा कायदा आहे. गावात विहिरीच्या किंवा घराच्या पायाच्या खोदाईत राखेचा जाड थर, भाजकी ढेकळं आणि कोळसा दिसला, तर पट्टी ठेवून फोटो काढा, खोली मोजा, पुरातत्त्व विभागाला कळवा आणि थर झाकून ठेवा. इतकं केलंत तरी अर्धं काम झालं.

आधी नकाशा, मग कोळसा

जळकं घर लागतंय हे पहिल्यांदा मातीच्या रंगावरून कळतं. करडी राख, तिच्यात काळे ठिपके, मधेच विटकरी लाल ढेकूळ. इथे कुदळ बाजूला ठेवायची. लहान करणी, बांबूची कामटी आणि मऊ ब्रश एवढंच हातात असू द्या. लोखंडी अवजाराचा एक फटका आणि तुळईचा भुगा, हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. आमच्या चरातली हातभर लांबीची एक जळकी तुळई मी 'स्वच्छ दिसावी' म्हणून ब्रशने घासत बसले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिची टोकं गेली होती. त्या टोकांवर तासणीच्या खुणा होत्या की नव्हत्या, हे आता कुणालाच कळणार नाही.

क्षेत्रावर एक मीटरच्या, शक्य असेल तर अर्ध्या मीटरच्या चौकोनांची चौकट आखा. जळकं लाकूड हाताने ओळखता येईल एवढं मोठं असेल तर प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक द्या आणि १:१० च्या प्रमाणात चित्र काढा. फोटो हवेतच, पण फोटो चित्राची जागा घेत नाही, कारण चित्र काढताना तुम्हाला 'हे याच्या वर आहे की खाली' हा निर्णय घ्यावा लागतो. प्रत्येक नगासाठी लांबी, रुंदी, जाडी, कुठल्या दिशेला पडलाय, दोन्ही टोकांची पातळी, कुठली बाजू जास्त जळली आहे आणि वर-खाली काय आहे, हे लिहा. कुसू (सांध्याचा खुंट) बसवायचं भोक, खाच किंवा खिळ्याचा गंज दिसला तर आधी तो. ज्या जागी काहीच जोडलेलं नव्हतं तिथे जुनी खाच दिसली, तर ते लाकूड दुसऱ्या घरातून काढून आणलेलं असू शकतं. आपल्याकडे जुन्या वाड्याचे खांब नव्या घरात लावायची रीत आजही आहे, तेव्हाही असायला काही हरकत नव्हती.

वर-खालीचा क्रम म्हणजे आगीचा घटनाक्रम. गवती छप्पर आधी पेटतं, त्याची हलकी काळी पापुद्र्यासारखी राख जमिनीवर पसरते. मग बांबू आणि वासे, मग आढं आणि तुळया, आणि शेवटी भिंती ढासळतात. कौलारू घरात वेगळं होतं: वासे तुटले की कौलांचा ढीग एकदम खाली येतो आणि त्याखालची हवा कोंडते. म्हणून कौलांच्या थराखालचा कोळसा बहुधा सगळ्यात चांगला असतो, आणि कौलांवरच्या थरात काही मिळालं तर ते आग विझल्यानंतरचं समजून वेगळ्या पिशवीत टाकायचं.

भिंतीच्या मातीकडे वेगळं लक्ष द्या. कूड म्हणजे कारवी, बांबू किंवा वेत विणून त्यावर लिंपलेली माती. कोकणात आणि घाटात असली घरं अजून बघायला मिळतात. आग लागली की ही माती भाजते आणि आत अडकलेल्या काठ्यांचे ठसे टिकतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ दरम्यान जे ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातलं) गाव उघडं झालं, तिथली घरं अशाच कुडाच्या भिंतींची होती. अशा ठिकाणी भाजक्या ढेकळांचा ढीग निघतो आणि अनेक चरांवर तो 'निरुपयोगी' म्हणून कडेला फेकला जातो. मला याचं फार वाईट वाटतं. त्या ढेकळाची एक बाजू सपाट, सारवलेली असते. दुसऱ्या बाजूला काठ्यांच्या पन्हळी. पन्हळीचा व्यास मोजा, दोन काठ्यांमधलं अंतर मोजा, गाठ बांधल्याची दोरीची खूण शोधा. लाकूड पूर्ण राख झालं तरी भिंत कशी विणली होती ते ढेकळावर उमटलेलं असतं. रंगही टिपा: भरपूर हवा मिळाली तिथे लाल, कोंडलं तिथे काळा.

उचलणं, वाळवणं, बांधणं

सुट्टे मोठे तुकडे कामटीने खालून मोकळे करून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा. कापूस किंवा टिश्यू थेट लावू नका. तंतू चिकटतात आणि पुढे काळमापनात (कार्बन-१४ ने वय काढताना) ते आजचा कार्बन म्हणून घुसतात. अख्खी तुळई उचलायची असेल तर तिच्याभोवती मातीचा उंचवटा ठेवून ती मातीसकट कापा, फॉइल आणि पातळ प्लास्टिक गुंडाळा, मग प्लास्टरची पट्टी आणि खाली फळी. काळमापनाचा नमुना मात्र हे सगळं करण्याआधीच वेगळा काढा. कुठलंही चिकट रसायन लावलेल्या तुकड्याचं वय विश्वासाने काढता येत नाही.

ओला कोळसा उन्हात ठेवलात तर तो तडकून साबुदाण्यासारखा होतो. सावलीत, वाऱ्याला, हळूहळू, आठवडाभर लागला तरी चालेल. पिशवीत ओला बंद केला तर बुरशी येते. चिठ्ठी दोन ठिकाणी हवी, एक आत आणि एक बाहेर, पेन्सिलने लिहिलेली. शाई पुसली जाते.

माती धुणं

हाताने वेचलेल्या कोळशात मोठे आणि देखणे तुकडेच येतात. बारीक फांद्या, धान्य, गवताची पेरं मातीतच राहतात. म्हणून प्रत्येक चौकोनातून १० ते ४० लिटर माती घेऊन ती पाण्यात तरंगवायची. उपकरण साधं आहे: मोठं पिंप, आत एक मिलिमीटरची जाळी, खालून पाण्याचा हलका झोत. हलका कोळसा आणि जळकं बी वर येतं, ते तोंडातून वाहून पाव मिलिमीटरच्या जाळीत पडतं. खडे, हाडं, मणी तळाच्या जाळीत राहतात. पिंप नसेल तर बादलीत माती कालवून वरचं पाणी मलमलीवर ओतायचं, चार-पाच वेळा. मशीनइतकं नेमकं नाही, पण काहीच न करण्यापेक्षा शंभरपट बरं.

दोन चुका इथे सर्रास होतात. एक, खडखडीत वाळलेला कोळसा एकदम पाण्यात टाकणं. आतली हवा सुटताना तो फुटतो. दोन, एका चौकोनाची जाळी न धुता दुसऱ्याची माती ओतणं. दुसरी चूक झाली तर शेजारच्या खोलीतला तांदूळ या खोलीत येऊन बसतो आणि तुम्ही त्यावर निबंध लिहिता.

तुकडा मोडायचा, कापायचा नाही

वाळलेला कोळसा ४ आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. ओळखण्यासाठी ४ च्या वरचे तुकडे सोयीचे. २ ते ४ मधलेही थोडे बघा, कारण काही झाडांचा कोळसा जास्त चुरतो आणि मोठ्या तुकड्यांत ती झाडं दिसतच नाहीत.

आता एक तुकडा हातात घ्या. ब्लेडने आडवी, अगदी हलकी चीर द्या आणि दोन अंगठ्यांनी मोडा. कापलात तर पेशींच्या भिंती चुरडतात आणि भोकं काळ्या भुकटीने भरतात. मोडलेला पृष्ठभाग मात्र नुकत्या फुटलेल्या दगडासारखा चमकतो. छोट्या वाटीत बारीक वाळू भरा, तुकडा तिच्यात खोचा, म्हणजे चमकता भाग वर, सपाट राहील. सूक्ष्मदर्शक असा हवा की प्रकाश वरून पडेल. धातूंचा अभ्यास करणाऱ्यांकडे असतो तो चालतो. ५० पट मोठं करून सुरुवात करा, ५०० पर्यंत जावं लागतं.

तीन दिशा बघायच्या. आडवा छेद: नलिका, म्हणजे पाणी वाहणारी भोकं, कशी मांडली आहेत. स्पर्शिकेच्या दिशेचा उभा छेद: किरणपेशींच्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या चकत्या किती रुंद आणि उंच आहेत. किरणांच्या दिशेचा उभा छेद: त्याच पेशी आडव्या आहेत की उभ्या. सागाच्या आडव्या छेदात दर वर्षाच्या वाढीच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या भोकांची रांग असते आणि पुढे ती बारीक होत जातात. एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. बाभळीत भोकं वलयभर विखुरलेली असतात आणि प्रत्येकाभोवती मऊ पेशींचं कडं असतं, कधी पंखांसारखं शेजारच्या भोकाला जाऊन मिळतं. देवदारासारख्या सूचिपर्णी झाडात नलिका नसतातच, सगळं एकसारखं जाळीदार. बांबूत वलय नाही, किरण नाहीत, नुसते विखुरलेले जुडगे.

ओळख किती खोल जाते याबद्दल प्रामाणिक राहा. ऐन आणि किंजळ एकाच कुळीतले. कोळशात त्यांना वेगळं करणं बहुतेकदा जमत नाही. तिथे 'टर्मिनालिया' एवढंच लिहायचं. खात्री नसताना 'ऐन' लिहिलंत तर पुढचा माणूस त्यावरून पावसाचं मान ठरवतो.

तुलनेसाठी स्वतःचा संग्रह हवाच. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडांचा मोठा नमुना-संग्रह आहे, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वनस्पती-पुरातत्त्वाची जुनी परंपरा आहे. तरी घरचे चाळीस-पन्नास नमुने रोज उपयोगी पडतात. ओळखीच्या झाडाची बोटभर फांदी आणि जाड लाकूड असे दोन तुकडे घ्या, फॉइलमध्ये गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वाळूखाली पुरा, झाकण घट्ट लावा आणि चुलीच्या निखाऱ्यांत तासभर ठेवा. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, नाहीतर हवा लागून तुकडे पुन्हा पेटतात. चिठ्ठीवर स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहा. एकाच मराठी नावाची झाडं दोन तालुक्यांत वेगळी निघतात.

जातीपलीकडेही बरंच दिसतं. वलयांचा बाक तीव्र असेल तर ती फांदी, जवळजवळ सरळ असेल तर जाड खोड. नलिकांत बुरशीचे धागे दिसले तर लाकूड जळण्याआधी सडायला लागलं होतं. घुणाच्या वाटा दिसल्या तर घर काही काळ उभं होतं.

मोजताना फसू नका

चुलीतल्या कोळशासाठी प्रत्येक थरातून शंभर-दोनशे तुकडे ओळखतात, आणि नवी जात निघायची थांबली की थांबतात. झाडांची विविधता जास्त असेल तर आणखी. रोजचं सरपण आजूबाजूच्या झाडीतूनच गोळा होतं, म्हणून त्यावरून परिसर कळतो. जळक्या घराला हा नियम लावलात तर हिशेब चुकतो. एक सागाची तुळई हजार तुकड्यांत फुटते. ते हजार साग नव्हेत, एक झाड. इथे तुकडे मोजायचे नाहीत, नग मोजायचे. आणि बांधकामाचं लाकूड निवडून, कधी लांबून आणलेलं असतं. शनिवारवाड्याच्या सागावरून मुठेकाठच्या झाडीचं चित्र काढलं, तर ते जुन्नरचं चित्र निघेल. म्हणून अहवालात तीन वेगळे तक्ते द्या: बांधकाम, घरातल्या वस्तू, सरपण. ज्यांची जागा नक्की कळत नाही असे तुकडे चौथ्या तक्त्यात.

वय काढायचं तर कुठला तुकडा

कार्बन-१४ ने वय मिळतं ते लाकडाचं ते वलय वाढलं तेव्हाचं, घर जळालं तेव्हाचं नव्हे. दीडशे वर्षं वाढलेल्या सागाच्या गाभ्यातला तुकडा दिलात तर घर आहे त्यापेक्षा दीडशे वर्षं जुनं दिसेल, त्यात लाकूड दुसऱ्यांदा वापरलेलं असेल तर आणखी. म्हणून पसंतीचा क्रम असा: जमिनीवरच्या भांड्यातलं जळकं धान्य, मग छपराचं गवत, मग बारीक फांदी, आणि नाइलाज असेल तर साल शिल्लक असलेल्या तुळईचं सगळ्यात बाहेरचं वलय. आधुनिक पद्धतीला काही मिलिग्रॅम पुरतात. नमुना देण्याआधी त्याची जात ओळखून घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजच्या मुळ्या चिमट्याने काढा. साधारण १६५० नंतरच्या इमारतींसाठी ही पद्धत फारशी कामाची नाही. तिथे वेगवेगळ्या वर्षांचं वय एकसारखंच येतं.

आगीचं कारण सांगण्याआधी

इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ मस्ट फार्म इथे इसवीसनपूर्व ८५० च्या सुमाराचं, नदीवर खांबांवर उभं केलेलं गाव २०१५-१६ मध्ये उघडं झालं. घरं पेटली आणि जळत जळत पाण्यात, गाळात कोसळली, म्हणून जवळजवळ सगळं राहिलं. वस्ती वर्षभरही जुनी नव्हती, हे लाकडानेच सांगितलं: झाडं नुकती तोडलेली, लाकडात किड्यांची भोकं जवळपास नाहीत, सुताराच्या ढलप्या अजून खाली पडलेल्या. कोकरांच्या वयावरून आग उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदाच्या सुरुवातीला लागली असं दिसतं. एका भांड्यात शिजवलेलं गव्हाचं खाणं आणि लाकडी ढवळणी तशीच होती. माणसं घाईने निघाली, एवढं म्हणता येतं. आग कुणी लावली की लागली, हे एवढा पुरावा असूनही ठामपणे म्हणता आलेलं नाही.

याच्या शेजारी पाटण्याचं कुम्राहार ठेवा. मौर्यांच्या पाटलिपुत्रातलं ते ऐंशी खांबांचं दालन. डी. बी. स्पूनर यांनी १९१२-१३ पासून, सर रतन टाटांच्या देणगीवर, तिथे खोदलं. त्यांना ठरावीक अंतरावर राखेचे गोल डाग दिसले आणि त्यांनी मांडलं की दगडी खांब मऊ जमिनीत खचले आणि राख त्यांच्यामागून खाली उतरली. पुढे १९५१ ते १९५५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकव्याचे अनंत सदाशिव अळतेकर आणि विजयकांत मिश्र यांनी ती जागा पुन्हा खोदली, आणि खांब खचल्याचा तर्क टिकला नाही. राख तीच आणि गोल डागही तेच होते. बदललं ते वाचन. पहिल्या खेपेची मोजमापं आणि चित्रं नोंदलेली होती म्हणून ते तपासता तरी आलं.

तेव्हा अहवालात 'हल्ल्यात जळालं' असं लिहिण्याआधी तपासा: आग एका ठिकाणाहून पसरली की अनेक ठिकाणी एकदम पेटली, जमिनीवर वापरातल्या वस्तू आहेत की घर आधीच रिकामं केलं होतं, भिंतीला टेकून सरपण रचलेलं दिसतं का, शेजारची घरं त्याच थरात जळाली का. कुडाची भिंत नुसत्या छपराच्या आगीत फारशी भाजत नाही. पूर्ण लाल भिंत दिसली तर जादा इंधन कुठून आलं ते शोधावं लागतं. यातलं जे दिसलं ते आणि जे दिसलं नाही ते, दोन्ही लिहा.

ओळखून झालेले तुकडे टाकू नका. प्रत्येक नगाचा अर्धा भाग न मोडता, फॉइलमध्ये, कडक डबीत ठेवा. डबीवर चराचा क्रमांक, चौकोन, थर, नगाचा क्रमांक, उचलल्याची तारीख आणि उचलणाऱ्याचं नाव, एवढं पेन्सिलने.